गिटारीचे पोट



गावात कीर्तन असो, निवडणुकीची सभा असो की शाळेचे स्नेहसंमेलन असो, लाउडस्पीकर लावला की पहिला मान वक्त्याचा नसतो. तो मान असतो लाउडस्पीकरच्या शिट्टीचा. मायक्रोफोन जरा कर्ण्यासमोर आला की 'कुंई' असा आवाज निघतो, माणसे कानांवर हात ठेवतात, आणि लाउडस्पीकरवाला धावत येऊन कुठले तरी बटण फिरवतो. ही शिट्टी का होते हे पाचवी-सहावीच्या मुलालाही समजावून देता येईल. मायक्रोफोनने ऐकलेला आवाज कर्ण्यातून मोठा होऊन बाहेर पडतो. तोच पुन्हा मायक्रोफोनच्या कानात शिरतो, पुन्हा मोठा होतो, पुन्हा शिरतो. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच अशा इतक्या फेऱ्या होतात, की बोलणाऱ्याचा शब्द राहतो बाजूला आणि एकच सूर बोंबलत सुटतो.

आज मला बोलायचे आहे ते विजेच्या गिटारीविषयी. त्यातही अंगाने पातळ असलेल्या गिटारींविषयी. या पातळ गिटारी चांगल्या दिसतात की वाईट, त्या कशा बांधाव्यात, आणि त्यांचा आवाज खरा की खोटा, यावरून गिटारवादकांत गेली सत्तर वर्षे वाद चालू आहे. त्या वादाचे मूळ या शिट्टीत आहे, म्हणून सुरुवात तिच्यापासून केली.

आपल्याकडे तंतुवाद्य म्हटले की त्याला पोट आलेच. तुणतुणे घ्या, एकतारी घ्या, वीणा घ्या. मिरजेची सतार आणि मिरजेचा तानपुरा तर साऱ्या देशात नावाजलेले. २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. त्यांचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतात, आणि भोपळा निवडणे हे कारागिराच्या कसबाचे पहिले काम. एवढे कौतुक भोपळ्याचे का? कारण तार बिचारी बारीक असते. ती कितीही थरथरली तरी हवेला कापत जाते, हवेला ढकलू शकत नाही. तिची थरथर घोडीवरून तबलीत उतरते, तबली रुंद असल्यामुळे ती हवा ढकलते, आणि पोटातली हवा त्याला घुमारा देते.

शिक्षक मंडळींनी हे वर्गात करून पाहावे. एका जाड, जड फळीला दोन खिळे मारून त्यांच्यामध्ये पोलादी तार ताणून बसवा. दोन्ही खिळ्यांजवळ तारेखाली लाकडाचे एकेक तुकडे सरकवा, म्हणजे घोडीचे काम होईल. तार छेडा. आवाज अगदी बारीक येईल, पण तो बराच वेळ टिकेल. आता तशीच तार एखाद्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यावर किंवा पातळ लाकडाच्या खोक्यावर बसवा. आवाज मोठा येईल, पण लवकर विझेल. मुलांना विचारा, असे का? तारेजवळ हाताच्या बोटाने दिलेले बळ तेवढेच असते. खोके ते भराभर घेऊन हवेत उधळते. जड फळी ते घेतच नाही, म्हणून ते तारेतच राहते. आवाजाचा मोठेपणा आणि आवाजाची आस, दोन्ही एकदम पदरात पडत नाहीत. हे सूत्र लक्षात ठेवावे. पुढचा सगळा वाद याच्याभोवती फिरतो.

आता आपल्याला अमेरिकेत जायचे आहे, १९३०च्या सुमारास. तिथे नाचघरांमधून मोठमोठे वाद्यवृंद वाजत. पंधरा-पंधरा माणसे, त्यांत कर्णे, सॅक्सोफोन, ढोल. या गर्दीत गिटारवाला एका कडेला बसून ताल धरायचा. त्याची गिटार म्हणजे व्हायोलिनसारखी फुगीर तबलीची, सव्वातीन-साडेतीन इंच खोल पोटाची, आणि तबलीवर इंग्रजी 'एफ' अक्षराच्या आकाराची दोन भोके. एवढे मोठे पोट असूनही ती कोणाला ऐकू जात नसे. एकट्याने गत वाजवून दाखवण्याचा मान मिळायचा तो कर्णेवाल्याला. गिटारवाला महिनोन् महिने वाजवी, आणि श्रोत्यांना तो नुसता दिसे.

१९३६ साली मिशिगन राज्यातील कॅलमझू येथील गिब्सन कंपनीने 'ई. एस. १५०' नावाची गिटार काढली. जुन्याच पोकळ गिटारीला तारांखाली एक 'पिकअप' बसवलेला. हा पिकअप काय करतो? सायकलच्या दिव्याचा डायनामो आपण सर्वांनी पाहिला आहे. लोहचुंबक फिरते, जवळ तांब्याच्या तारेचे वेटोळे असते, आणि वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. फॅरडेने १८३१ साली दाखवून दिलेला हा नियम. पिकअपमध्येही लोहचुंबक असते आणि केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. फरक एवढाच, की इथे चुंबक स्थिर असते आणि हलते ती वरची पोलादी तार. ती थरथरली की वेढ्यांत तशीच थरथरती वीज उत्पन्न होते, ध्वनिवर्धकात मोठी होते आणि कर्ण्यातून बाहेर पडते. म्हणजे पिकअप हा मायक्रोफोन नव्हे. त्याच्यासमोर तुम्ही कितीही ओरडा, तो जवळजवळ बहिरा. त्याला कळते फक्त पोलादाची हालचाल. आतड्याची किंवा नायलॉनची तार लावलीत तर तो मुकाच राहील.

ओक्लाहोमाकडचा चार्ली ख्रिश्चन हा कृष्णवर्णी तरुण १९३९ साली बेनी गुडमनच्या वृंदात ही गिटार घेऊन आला, आणि कर्णेवाल्यांच्या बरोबरीने तिच्यावर एकट्याने वाजवू लागला. १९४२ साली क्षयाने तो गेला तेव्हा त्याचे वय अवघे पंचवीस होते. पण गिटारवाला आता कडेचा राहिला नव्हता. ज्याला आयुष्यभर ऐकू जाऊ दिले नाही त्या माणसाला आवाज मिळाला, तर तो आवाज वाढवणारच! वाद्यवृंदांत ध्वनिवर्धक वाढले, आवाज वाढला, आणि तिथे आपली शिट्टी आडवी आली.

ती कशी, ते पाहू. पिकअप बहिरा असला तरी गिटारीचे पोट बहिरे नसते. कर्ण्याचा आवाज त्या पोटात शिरतो. रिकाम्या घागरीच्या तोंडावर फुंकर घातली तर तिचा ठराविक एक सूर घुमतो ना, तसा पोटातल्या हवेचाही एक आवडता सूर असतो. तो घुमू लागला की तबली हलते, तबलीवरची घोडी हलते, घोडीवरची तार हलते. तारेची हालचाल पिकअपला कळते, आणि तो ती पुन्हा कर्ण्याकडे पाठवतो. झाली फेरी सुरू. गिटार गायीसारखी हंबरू लागते. ज्या पोटावर वाद्य जगत होते, तेच पोट वैरी झाले.

वादकांनी नाना उपाय केले. कोणी तबलीची भोके बंद केली, कोणी पोटात चिंध्या कोंबल्या. ब्लूज गाणारे बी. बी. किंग यांचे उदाहरण तर प्रसिद्धच आहे. १९४९च्या हिवाळ्यात आर्कान्सामधल्या ट्विस्ट नावाच्या गावी एका नाचघरात ते वाजवीत होते. मधोमध रॉकेल पेटवून शेकोटी केलेली. दोन माणसांत मारामारी झाली, रॉकेल सांडले, घर पेटले. किंग बाहेर पळाले आणि गिटार आत राहिली म्हणून पुन्हा आगीत शिरले. भांडण लुसिल नावाच्या बाईवरून होते असे मागून कळले. तेव्हापासून त्यांनी आपल्या प्रत्येक गिटारीचे नाव लुसिल ठेवले. अशा मूर्खपणाची आपल्याला आठवण राहावी म्हणून, असे ते सांगत. पुढे १९८० साली गिब्सनने त्यांच्या नावाची खास गिटार काढली, तिच्यावर एफ भोके नव्हतीच. चिंध्या कोंबायचे काम कारखान्यानेच संपवले.

पण या सगळ्या मलमपट्ट्या. मुळावर घाव घालायचा तर पोटच काढून टाकायला हवे. तसे करणारेही निघाले होते. १९३२ साली बाजारात आलेली रिकनबॅकरची गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवायची होती. तिचे अंग ॲल्युमिनियमचे ओतीव, वाटोळे, त्याला लांब दांडी. लोक तिला सरळ 'तवा' म्हणत. लाकूडच नाही, मग लाकडाचा गोडवा कुठला? तरी ती वाजली आणि खपली.

लेस पॉल नावाच्या वादकाने १९४०च्या सुमारास न्यूयॉर्कच्या एपिफोन कारखान्यात सुटीच्या दिवशी बसून चार इंच जाड, चार इंच रुंद अशा पाइनच्या ओंडक्यावर तारा आणि पिकअप बसवले. आवाज त्याच्या मनासारखा, आस लांब, शिट्टी नाही. पण तो ओंडका घेऊन तो लोकांपुढे गेला तेव्हा लोकांनी काही दाद दिली नाही. मग त्याने दुसऱ्या एका गिटारीचे पोकळ अंग उभे कापून दोन बाजूंना पंखांसारखे चिकटवले. आवाजात फरक शून्य. पण आता ती गिटार 'दिसू' लागली, आणि लोक खूश झाले. ही गोष्ट लेस पॉल म्हातारपणीही हसत हसत सांगे. २००९ साली, चौऱ्याण्णव वर्षांचा होऊन तो वारला. मला स्वतःला या सगळ्या वादातली ही सर्वांत बोलकी गोष्ट वाटते. लोक गिटार ऐकायला जातात, पण आधी ती डोळ्यांना पटावी लागते.

कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी लिओ फेंडर या गृहस्थाचे रेडिओदुरुस्तीचे दुकान होते. त्याला गिटार वाजवताही येत नसे. कदाचित म्हणूनच त्याला पोटाचा मोह नव्हता! १९५० साली त्याने सपाट फळीची, पोट नसलेली गिटार विकायला काढली. पुढच्याच वर्षापासून ती टेलिकास्टर म्हणून ओळखली जाऊ लागली. इतर कारखानदार हसले. कोणी म्हणाला, हे होडीचे वल्हे. कोणी म्हणाला, बर्फ ओढायचे फावडे. हसता हसता दोन वर्षांत गिब्सननेही भरीव गिटार काढली आणि तिला नाव दिले लेस पॉलचे.

आता खरे कोडे उभे राहिले. फळीच्या गिटारीला शिट्टीचे भय नाही, आस लांब, सूर टोकदार. जुन्या वादकांना मात्र तो सूर कोरडा वाटे. त्यांना हवा होता पोकळ गिटारीचा गोल, भरदार सूर. आणि ती गिटार मांडीवर घेतल्यावर छातीला जाणवणारी तिची थरथर. गिब्सनचे त्या वेळचे प्रमुख टेड मॅकार्टी यांनी आधी नुसते पोट पातळ करून पाहिले. १९५५ साली बर्डलँड ही गिटार निघाली, तिची खोली सव्वादोन इंच. त्याच साली आलेली एक पातळ पोटाची गिटार चक बेरी घेऊन नाचू लागला, आणि अमेरिकेतली पोरे त्याच्यामागे वेडी झाली. बगलेत मावणारी, उभ्याने वाजवता येणारी गिटार म्हणजे वादकाच्या हातापायांना मोकळीक. पण शिट्टी कमी झाली, गेली नाही. पोट पातळ झाले तरी ते पोटच.

म्हणून १९५८ साली 'ई. एस. ३३५' आली. हिची युक्ती साधी आणि नामी आहे. जुन्या वाड्यात मधली भिंत भक्कम असते आणि दोन्ही अंगांना पडव्या असतात ना, तसे हिचे पोट. अंग पावणेदोन इंचांच्या आसपास जाड. दांडीपासून थेट खालच्या टोकापर्यंत मधोमध मेपलच्या भरीव लाकडाचा ठोकळा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पोकळ पडव्या. पिकअप आणि घोडी बसवलेली त्या भरीव भिंतीवर. त्यामुळे पडव्यांतली हवा घुमली तरी घोडी सहज हलत नाही. दिसायला मात्र वर दोन्ही एफ भोके आहेत, कडा गोल आहेत, म्हणजे जुन्या माणसाचेही समाधान. लेस पॉलने ओंडक्याला पंख चिकटवले ते लोकांच्या डोळ्यांसाठी. इथे तीच कल्पना कारखान्याने कामाला लावली. ही गिटार आजही बनते, आजही विकते.

एवढे झाल्यावर वाद मिटायला हवा होता. उलट तो पेटला. कारण आता एकाच दुकानात पोकळ, अर्धपोकळ आणि भरीव अशा तिन्ही तऱ्हा शेजारी शेजारी टांगलेल्या दिसू लागल्या, आणि निवड करणे भाग पडले.

दिसण्याचा वाद आधी घेऊ, कारण तो गमतीचा आहे. चेट ॲटकिन्स हा मोठा नाणावलेला वादक. त्याने ग्रेच कंपनीकडून आपल्यासाठी गिटार करवून घेतली तेव्हा शिट्टी टाळण्यासाठी तबली पूर्ण बंद हवी असा त्याचा आग्रह. ही १९५७ची गोष्ट. कंपनीने तबली बंद केली. पण भोके नसलेली पोकळ गिटार लोकांना ओकीबोकी वाटेल म्हणून वरून खोटी भोके काढली, आणि पुढे तर ती नुसती रंगाने चितारली! भिंतीवर खिडकीचे चित्र काढावे तसा प्रकार. जॉर्ज हॅरिसननेही ही गिटार वाजवली, आणि लक्षावधी लोकांनी ती भोके खरीच मानली असतील.

उलट १९६१ साली गिब्सनने भरीव गिटारच अगदी सडसडीत केली, दीड इंचाच्या आतबाहेर, आणि वर दोन टोकदार शिंगे काढली. हीच पुढे 'एस. जी.' म्हणून प्रसिद्ध झाली. सुरुवातीला तिच्यावर नाव लेस पॉलचेच होते, पण त्याला ती आवडली नाही, आणि दोन वर्षांत त्याचे नाव तिच्यावरून गेले. तरुणांना मात्र ती शिंगे फार आवडली. तिच्याविषयीची तक्रार दिसण्याची नाही, तोलाची आहे. अंग हलके आणि दांडी लांब, म्हणून पट्टा गळ्यात अडकवून हात सोडला की दांडी जमिनीकडे झुकते. मग डावा हात सूर धरायचा की दांडी सावरायची? ज्यांनी कधी तोल गेलेली कावड खांद्यावर घेतली असेल, त्यांना या तक्रारीचा अर्थ कळेल. दुसऱ्या टोकाला जुन्या घाटाची भरीव लेस पॉल. तिचे वजन चार किलोच्या वर सहज जाते, आणि रात्रभर ती खांद्यावर घेऊन उभे राहणाऱ्याची पाठच त्याला जाब विचारते. फेंडरनेही १९६८ साली टेलिकास्टरचे लाकूड आतून कोरून तिला हलके केले आणि वर एकच एफ भोक ठेवले, त्याचे मुख्य कारण वजन हेच होते. हलके ॲश लाकूड मिळेनासे झाले होते. आवाजाचे मोठमोठे सिद्धांत लोकांनी तिला मागाहून चिकटवले.

आता आवाज. एक पक्ष म्हणतो, सूर लाकडात असतो. कोणते झाड, किती वर्षे वाळवलेले, पोकळी किती, वार्निश कोणते, यावर सगळे अवलंबून. बीटल्सच्या जॉन लेनन आणि जॉर्ज हॅरिसन यांच्याकडे एपिफोन कॅसिनो या पातळ आणि आतून पूर्ण पोकळ गिटारी होत्या. १९६८च्या सुमारास दोघांनी त्यांचे रंगवार्निश खरवडून काढले. त्यानंतर गिटार मोकळा श्वास घेऊ लागली, असे हॅरिसनचे मत होते. दुसरा पक्ष म्हणतो, अहो, पिकअपला लाकूड दिसत नाही, वार्निश दिसत नाही. त्याला दिसते पोलादी तार. तार तीच, पिकअप तोच, तारेपासून पिकअपचे अंतर तेच, मग सूरही तोच.

हा दुसरा पक्ष नुसता बोलत नाही, करून दाखवतो. काही वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या एका वादकाने गिटारीचे अंग आणि दांडी दोन्ही काढून टाकली. कामाच्या दोन जड बाकांच्या मधल्या मोकळ्या जागेत तारा ताणल्या, खाली पिकअप नेमक्या अंतरावर धरला, आणि वाजवून ध्वनिमुद्रण केले. चांगल्या गिटारीच्या मुद्रणाशेजारी ते ठेवले, तर कोणते कोणाचे हे सांगणे भल्याभल्यांना कठीण जावे इतके ते जवळ आहे. आणखी एक गंमत. ज्या ई. एस. ३३५च्या 'लाकडी' सुराची लोक इतकी वाखाणणी करतात, तिची तबली एकसंध लाकडाची नसतेच. पातळ थर एकावर एक चिकटवून ती केलेली असते. आपल्या भाषेत प्लायवूड!

मग पहिला पक्ष हरला म्हणावे काय? माझ्या मते, अर्धा. लाकडाचा संबंध मुळीच नाही असे म्हणता येत नाही. गिटारीच्या दांडीवर काही काही पडद्यांपाशी सूर लवकर मरतो, ही प्रत्येक वादकाच्या अनुभवाची गोष्ट. त्या सुराला दांडी स्वतःच तारेबरोबर हलू लागते आणि तारेचे बळ पिऊन टाकते. सतारीची दांडी निवडताना मिरजेचा कारागीर इतका चोखंदळ असतो तो उगीच नाही. तसेच पूर्ण पोकळ गिटारीत तबली तारेचे बळ खाते, म्हणून सूर भरदार उठतो आणि लवकर बसतो. हे आपल्या फळी आणि डब्याच्या प्रयोगातच दिसले. जितके अंग हलते तितका फरक पडतो. भरीव ठोकळ्यावर घोडी बसवली की अंग फारसे हलतच नाही. मग ते लाकूड शिसवी आहे की सागवानी, हा प्रश्न पिकअपच्या दृष्टीने बराचसा निकाली निघतो.

पण वाद्य काही पिकअप वाजवत नाही, माणूस वाजवतो. आणि माझ्या समजुतीने वाद इथे अडला आहे. पातळ पोकळ गिटार वादकाच्या बरगड्यांना टेकलेली असते. तिची थरथर त्याला अंगात जाणवते, कर्ण्याआधी तिचा आवाज कानाला लागतो. म्हणून त्याचा उजवा हात हलका पडतो, तो सूर सोडून थांबतो, ऐकतो, मग पुढचा घेतो. तोच वादक जड फळीवर वेगळे वाजवतो. श्रोत्याला ऐकू येणारा फरक खराच असतो, पण तो फार करून बोटांचा असतो. तंबोरा मनासारखा जुळला की गवयाचा आवाज मोकळा लागतो, हे आपण नेहमी पाहतो. तंबोऱ्याने काही गवयाचा गळा बदललेला नसतो.

या शिट्टीचेच वाद्य करणारेही निघाले, तेही सांगितले पाहिजे. इंग्लंडमध्ये ब्रायन मे नावाच्या शाळकरी मुलाला गिटार विकत घेणे परवडत नव्हते. १९६३ साली त्याने वडिलांच्या मदतीने ती घरी करायला घेतली. वडील इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार. दांडी केली जुन्या घराच्या शेकोटीवरच्या लाकडी फळीतून; त्या लाकडात किड्याची भोके होती, ती त्यांनी बुजवली. स्प्रिंगा आणल्या मोटारसायकलच्या इंजिनातल्या. सूर हलवायचा दांडा सायकलच्या खोगिराखालची पिशवी अडकवण्याच्या तारेचा, आणि त्याच्या टोकाला आईच्या विणायच्या सुईचे टोक. अंगात त्याने मुद्दाम पोकळ्या ठेवल्या. का? तर कर्ण्यासमोर उभे राहिल्यावर गिटारीने गावे म्हणून! ज्याला इतर सगळे घाबरत, ते त्याला हवे होते. पण ती शिट्टी हाताबाहेर जाऊ नये, वादकाला हवी तेव्हा यावी, एवढीच पोकळी त्याने ठेवली. पुढे क्वीन या वृंदातून तो जगभर वाजला तो याच घरगुती गिटारीवर. २००७ साली खगोलशास्त्रातली डॉक्टरेटही त्याने मिळवली. सुतारकामाच्या तासाला नाक मुरडणाऱ्या मुलांना शिक्षकांनी ही हकीकत जरूर सांगावी.

आपल्या गावात या वादाचे काय काम, असे कोणी म्हणेल. तर गणपतीच्या मिरवणुकीत वाजणारा बेंजो आठवा. ते वाद्य मूळचे जपानचे. नागोयाच्या गोरो मोरिता याने १९१२ साली ते काढले. आपल्याकडे ते बुलबुलतरंग म्हणून आले आणि कोकणात, मुंबईच्या चाळींत, खेड्यापाड्यांतल्या वरातींत बेंजो होऊन बसले. आज त्याला पिकअप असतो आणि पुढे कर्णे असतात. मिरवणुकीत त्याच्या पेटीचा स्वतःचा आवाज कोणाला ऐकू जातो? पण विकत घेताना पार्टीतली मुले पेटीचा रंग, चकाकी आणि लाकडाचे नाव यांवर पैसे मोजतात, आणि ते पैसे कोणी हंगामभर राबून साठवलेले असतात.

तेव्हा कोणी गिटार किंवा बेंजो घ्यायला निघाला, तर शिक्षकांनी नाहीतर वडीलधाऱ्यांनी बरोबर जावे. वाद्य पट्ट्याने गळ्यात अडकवून दहा-पंधरा मिनिटे उभे राहायला लावावे, म्हणजे वजन आणि तोल आपोआप बोलतील. प्रत्येक पडद्यावर सूर धरून तो किती टिकतो ते पाहावे, मेलेली जागा लगेच सापडते. कर्णा आपल्याला खरोखर लागेल तेवढा मोठा करावा, वाद्य त्याच्यासमोर धरावे, तारांवर हात न लावता, आणि हंबरते का ते ऐकावे. शेवटी एकाने वाजवावे आणि दुसऱ्याने पाठ करून ऐकावे. स्वस्त आणि महाग अशी दोन-तीन वाद्ये त्याच हाताने, त्याच कर्ण्यातून वाजू द्यावीत. पाठ केलेल्या माणसाला फरक सांगता आला तर महागाला हात घालावा. नाही सांगता आला, तर उरलेल्या पैशांत चांगला ध्वनिवर्धक आणि तारांचे दोन जादा संच येतात.